वाळूच्या नळीतली अळी

समस्त सभ्य जनहो, कामं थांबवा आणि उभे राहून ऐका! आज सकाळी आमच्या न्हाणीघरात ब्लीचिंग पावडरचा वास आला आणि मला तीस वर्षांपूर्वीचा राग आला.

गुंद या आमच्या वाडीच्या ओढ्यात दगडांना वाळूच्या बारीक नळ्या चिकटलेल्या असत. प्रत्येक नळीत एक अळी. कणाला कण डकवून तिनंच ते घर बांधलेलं. मोठी झाली की पंख फुटून उडून जायची. माझी थोरली बहीण, अक्का, घागर बुडवण्याआधी एक दगड उलटून बघायची. नळीतून इवलं डोकं बाहेर आलं, की पाणी प्यायला चांगलं. तिच्या या परीक्षेवर सगळी वाडी पाणी भरायची.

एके दिवशी पाणी शुद्ध करायला कडक इस्त्रीतला एक माणूस आला आणि त्यानं डोहात पोतंभर पावडर ओतली. अक्कानं दगड उलटला. अळ्या नळ्यांतून अर्ध्या बाहेर लोंबत होत्या, पांढऱ्याफटक.

"ह्ये काय केलंसा?" ती किंचाळली.

"किडे मेले, मावशी. आता पाणी शुद्ध हाय."

मी मूर्ख तेव्हा त्याच्या इस्त्रीला हसत होतो. नंतर अख्खा उन्हाळा कोसभरावरून घागरी वाहिल्या, त्या आठवून आज अंगाची आग होते.

अक्कानं त्याच डोहातून तांब्या भरून त्याच्या नाकासमोर धरला. "शुद्ध हाय न्हवं? मग आदी तुमी प्या."

तो दोन पावलं मागं सरला आणि ओरडला, "मी न्हाई पीत! मी घरनं पाणी घेऊन आलोय!"