खुलासेबाईंचा नमुना

आमच्या कंपनीत कोड लिहिणारे ढीगभर होते. लिहिलेलं समजावून सांगणाऱ्या एकट्या खुलासेबाई. हे नाव आम्हीच ठेवलेलं, आणि तोंडावरही तसंच म्हणायचो. त्यांना त्याचा राग नव्हता. राग होता तो खुलाशाशिवाय लिहिलेल्या कोडचा. "उद्या तू नोकरी सोडलीस तर हे कोणाच्या बापाला कळणार?" असं त्या भर जेवणाच्या टेबलावर विचारायच्या.

दवाखान्यांसाठी आम्ही वेबसाइट बनवायचो. पेशंटने वेळ घेतली की त्याला आठवणीचा ईमेल जायचा. तो पाठवणाऱ्या कोडची माहिती बाईंनी लिहिली होती. हल्ली असली पानं यंत्रच लिहून देतं आणि वाचताना जांभया येतात. बाईंचं पान वाचताना कोणीतरी शेजारी बसून सांगतंय असं वाटायचं. कोणाला पाठवायचं, विषय कुठे लिहायचा, मजकूर कुठून येतो, सगळं सरळ भाषेत. खाली ठळक अक्षरांत एक ताकीद: 'पाठवलं, असं कोडने सांगितलं तर मेल आपल्या दारातून निघाला एवढंच समजावं. पोचला असं धरून चालू नये.' आणि त्याखाली कोडचा नमुना, खऱ्याखुऱ्या ईमेल पत्त्यासकट.

आता, नमुना दिसला की जसाच्या तसा उचलायचा, ही आमच्या जमातीची जुनी खोड. मी नवी होते, मीही उचलला. चाचणीचा मेल गेला आणि थोड्या वेळाने ऑफिसच्या सामायिक इनबॉक्समध्ये उत्तर आलं: 'महोदय, उद्या दातांच्या डॉक्टरांची वेळ असल्याचे समजले. मला कवळी आहे. तरी आठवण ठेवल्याबद्दल आभार. तिकडे सगळे ठीक ना?'

मी ते घाईघाईने शेजारच्या सहकाऱ्याला दाखवलं. तो मात्र पोट धरून हसत होता. "बाईंचे वडील आहेत ते. सगळ्यांना उत्तर देतात. तू नुसतं 'सगळं ठीक' लिहून टाक."

पुढची गोष्ट त्यानेच सांगितली. आई गेल्यावर बाईंनी वडिलांना आपल्याकडे राहायला बोलावलं. ते घर सोडायला तयार नव्हते. शब्दाने शब्द वाढला, बाई म्हणाल्या, "मग बसा एकटे!" आणि दोघांनी बोलणंच टाकलं. बाप शेर, तर लेक सव्वाशेर. फोन नाही, जाणंयेणं नाही. होता तो फक्त हा नमुना, त्यात बाईंनी घातलेला वडिलांचा पत्ता.

बाई सकाळी आल्या की खांद्यावरची पर्स न काढता इनबॉक्स उघडायच्या. त्यांच्यासाठी आम्ही गरजेपेक्षा जास्तच चाचण्या करायचो. डोळे, हाडं, एकदा तर बाळंतपणाची तपासणी. त्यावर उत्तर आलं: 'बातमी वाचून आश्चर्य वाटले. तिकडे सगळे ठीक ना?' ते दिवस आठवले की अजून हसू येतं, आणि मग उगाच गलबलून येतं.

मग नवे साहेब आले. कोणाचा खासगी पत्ता असा पानावर ठेवायचा नाही, म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं, हीच तर पंचाईत. बाईंनी मुकाट्याने खोटा पत्ता घातला.

"आता तरी फोन करा," मी म्हटलं.

"त्यांचे हात काय बांधून ठेवलेत?"

उत्तरं बंद झाली. तरी बाई रोज इनबॉक्स उघडायच्या, रिकामा बघायच्या आणि मग पर्स खाली ठेवायच्या. मला त्यांच्या हट्टाची चीड यायची आणि त्यांची दयाही यायची.

एका दुपारी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. हातात कापडी पिशवी, शर्टाची गळ्यापर्यंत लावलेली बटणं. "आठवणीचे मेल इथूनच जातात ना?" त्यांनी मला विचारलं. "यायचे बंद झालेत. तिकडे... म्हणजे इकडे, सगळं ठीक ना?"

बाई खुर्चीवरून उठल्या. "बाबा! एवढ्या लांब एकटे आलात? लिहायचं तरी."

"मी कशाला आधी लिहू?" म्हातारबुवा म्हणाले. मग आवाज उतरला. "घाबरलो गं. वाटलं, तुलाच काहीतरी झालं."

"पण ते मेल मी पाठवत नव्हते, बाबा. ही पोरं पाठवायची."

"ठाऊक आहे. पत्ता तर तूच दिला होतास ना?"

सगळ्या ऑफिसला खुलासे देणाऱ्या बाईंनी वडिलांच्या हातातली पिशवी धरली. ते ती सोडेनात. दोघं तशीच पिशवी धरून दारात उभी राहिली.