एकशे सतरा परस

“मैलाचं सोड, चढ किती हाय थे सांग.”

कुठल्याही गावाचं नाव काढलं की तो हेच म्हणायचा, आणि म्हणताना उजव्या हाताचा पंजा आडवा धरून हळूहळू तिरपा करायचा. पंजा किती तिरपा झाला यावरून आम्ही ओळखायचो, की त्या गावाला सायकल आपल्याला नेणार की आपण सायकलला नेणार.

त्याचं नाव मी सांगणार नाही. ते मी एकदा एका सरकारी कागदावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं आहे, तेवढं पुरे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची दोन-चार वर्षं होती ती. मंगरूळला आमची एक लहानशी कचेरी होती. मी तिथे कारकून, आणि तो देवीची लस टोचणारा. थंडी पडल्यापासून उन्हं तापेपर्यंत गावोगाव आणि तांड्यांवर जायचं, पोरांच्या दंडावर लस टोचायची आणि सात दिवसांनी परत जाऊन फोड आला का ते पाहायचं, हे त्याचं काम. फोड आला म्हणजे लस लागली. नाही आला तर लस आधीच मेलेली होती असं समजायचं. दौऱ्यासाठी कचेरीने एक जडशीळ सायकल दिली होती. आमच्या दोघांच्या खोल्या एकाच अंगणात होत्या, आणि मला भाकरी थापता येत नसल्यामुळे मी बहुतेक त्याच्याकडेच जेवायचो.

त्याचं घराणं माळ्याचं. बाप आणि चुलता भाजीचा मळा करायचे आणि उन्हाळ्यात लोकांच्या विहिरी खोदून द्यायचे. विहिरीची खोली आमच्याकडे परसात मोजतात. एक परस म्हणजे पुरुषभर, एका माणसाची उंची. याने तेच माप डोंगराला लावलं.

“डोंगर म्हंजे काय, उलटी विहीर,” तो म्हणायचा. “थिले परस चालते, मंग याले काहून नाई चालत?”

 याला उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा.

मोजायची त्याची रीतही पाहण्यासारखी होती. औषधाची एक चपटी बाटली नीळ घातलेल्या पाण्याने अर्धी भरून त्याने सायकलच्या दांड्याला आडवी बांधली होती आणि तिच्यावर रेघा आखलेली कागदाची पट्टी डकवली होती. सपाटीवर पाणी मधल्या रेघेशी उभं राहायचं, चढ लागला की मागे सरकायचं. एक रेघ म्हणजे दहा हातांत किती उंची, हे त्याने अंगणात फळीखाली विटा लावून आधी ठरवून ठेवलं होतं. मागच्या चाकाच्या आऱ्याला चामड्याचा तुकडा बांधला होता, तो प्रत्येक फेऱ्याला टप्प करून वाजायचा. हा गडी एक डोळा बाटलीवर ठेवून ते टप्प-टप्प मोजत जायचा. रस्त्यात कुणी रामराम केला तर उत्तर द्यायचा नाही, कारण आकडा चुकेल. त्यामुळे अर्ध्या तालुक्यात त्याला गर्विष्ठ समजायचे.

संध्याकाळी जुन्या फॉर्मांच्या पाठीवर तो वाटा काढायचा. रेघ वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. फक्त वर गेलेल्या रेघा धरायच्या आणि त्यांची बेरीज करायची. मी एकदा शहाणपणाने म्हटलं, “अबे, उतार वजा कर ना.”

“उतरलो म्हनून चढ माफ होते का? उद्या तू दोन भाकरी खाल्ल्या अन् परवा उपाशी राह्यला, तं काल जेवलाच नाई असं म्हनू का मी?”

लोक त्याच्याकडे वाट विचारायला यायचे. आमच्या शाळेतल्या एका मास्तराला किन्हीराजा गावाला मुलगी पाहायला जायचं होतं. घामाघूम होऊन पोचायचं नाही, एवढीच त्याची अट. याने तीन दिवस खपून अशी वाट काढून दिली, की सगळ्या प्रवासात अवघे अकरा परस चढ. मास्तर अंगावर घामाचा थेंब न येता पोचला, पण इतक्या शेतांना वळसे घालत गेला की मुलीकडची मंडळी जेवून, भांडी घासून, दारं लोटून झोपली होती. लग्न जमलं नाही. हा मात्र पुढे कित्येक दिवस सांगायचा, “पन सदरा कोल्ला होता की नाई, घामाचा टिपूस तरी होता का, इचारा त्याले.”

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी. तर लशीसाठी. नागपूरहून काचेच्या बारीक नळ्यांत यायची ती. तो त्या ओल्या फडक्यात गुंडाळून गाडग्यात ठेवायचा आणि गाडगं हँडलला टांगायचा. ऊन तापलं की गाडग्यातलं फडकं वाळतं आणि लस मरते. सपाटीवर माणूस भरभर जातो, चढावर सायकल ढकलत जातो, आणि ढकलता ढकलता सूर्य डोक्यावर येतो. म्हणून त्याला मैल नको होते, चढ हवा होता. सहा मैल जास्त पडले तरी चालतील, पण उन्हं चढायच्या आत लस दंडात उतरली पाहिजे. सगळं आयुष्य त्याने या एका वाक्यावर बेतलं होतं, आणि माझ्या मते ते वाक्य चुकीचं नव्हतं.

दोन वर्षांत त्याने साऱ्या वाटांचा तक्ता केला. गाव, मैल, चढ, निघायची वेळ. मी तो चांगल्या कागदावर उतरवून दिला. त्या सुमारास पुण्याकडचे एक नवे साहेब आमच्याकडे आले होते. माणूस हुशार, बोलण्यात तरबेज, आणि आपल्या बोलण्यावर लोक हसले की खूश होणारा. याने नवीन टोपी घालून तक्ता त्यांच्यापुढे ठेवला.

साहेबांनी मानोरा गावाकडच्या तांड्यांची ओळ वाचली. “खिंडीची वाट, अठरा मैल, चढ एकशे सतरा परस.” त्यांनी चष्मा काढला. “परस? अहो, म्हणजे वाटेत एकशे सतरा वेळा परसाकडे जाता तुम्ही?”

त्यांच्याकडे परसाकडे जाणं म्हणजे तांब्या घेऊन जाणं, हे आम्हालाही ठाऊक होतं. सगळ्यात आधी मी हसलो. साहेबांचा विनोद होता आणि माझी नोकरी कच्ची होती, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. पण खरं सांगायचं तर मला हसूच आलं होतं. मग शिपाई हसला, मग सारी कचेरी.

“तसं नाई साहेब,” तो म्हणाला, “विहिरीचा परस.”

“विहिरीवर? अरेरे, पाणी तरी खराब करू नका.”

आता तर टेबलं हादरली. हशा ओसरल्यावर साहेबांनी नकाशा उघडून दाखवलं, की मंगरूळ आणि तो भाग जवळपास एकाच उंचीवर आहेत, तेव्हा चढ येतोच कुठून? त्याने पंजा आडवा धरला, तिरपा करायला गेला आणि हात खाली घेतला. साहेबांनी तक्त्यावर ‘दप्तरी दाखल’ असं लिहिलं. मी तो माझ्या मागच्या कपाटात, खालच्या फळीवर दाखल केला.

गोष्ट कचेरीत राहिली नाही. बाजारात लोक त्याला परसराव म्हणू लागले. “काय परसराव, मोकळं झालं का?” पोरंटोरं विचारायची, मोठी माणसंही विचारायची. आठवड्याभरात दांड्यावरची बाटली गेली. चामड्याचा तुकडाही गेला. आता रस्त्यात कुणी रामराम केला तर तो थांबून उत्तर द्यायचा, आणि लोक म्हणायचे की माणूस सुधारला.

मार्चात मानोऱ्याच्या बाजूने देवीचा ताप आल्याची बातमी आली. अजून खिंडीपलीकडच्या तांड्यापर्यंत पोचला नव्हता, पण शेजारच्या गावात होता. लस सकाळी दहाच्या सुमारास टपालाने आली. साहेबांनी हुकूम दिला की लगेच निघा, खिंडीच्या वाटेने जा, अठरा मैल आहेत, दुपारच्या जेवणाच्या आत टोचून होईल.

तो माझ्या टेबलाशी आला. हळू आवाजात म्हणाला, “भाऊ, आता निंगालो तं लस खिंडीत शिजन. रातभर रांजनात ठेवतो, पहाटे नाल्याच्या वाटेनं जातो, तिकडं चढ कमी हाय, नवाच्या आत पोचतो. तू सांग ना साहेबाले.”

“तूच सांग. मले कायले मधात घेतं?”

“मी सांगतलं तं पुन्हा थेच निंगन, परसाचं.”

“मंग निंगू दे. हसतीन अन् गप बसतीन.”

 तो एवढंच म्हणाला, “हसनाऱ्याले सोपं असते गड्या.” आणि गाडगं घेऊन निघाला.

तांड्यावर पोचला तेव्हा तीन वाजले होते. हे त्याने आपल्या दौऱ्याच्या वहीत खरं खरं लिहिलं, तीन. परत आल्यावर जेवताना मला म्हणाला, “नळी हातात घेतली तवाच कळलं. गरम होती. तरी टोचली मी. रिकामा वापस आलो असतो तं म्हनले असते, गेलाच नाई.” भाकरी तशीच ठेवून तो उठला.

सातव्या दिवशी तो फोड पाहायला गेला. एकाही दंडावर फोड नव्हता. त्याने धावतपळत येऊन दुसरी लस मागवली, पण ती नागपूरहून यायला दिवस लागले आणि ताप तेवढा थांबला नाही. त्या तांड्यातली तीन लेकरं गेली.

चौकशी झाली. म्हणजे साहेबांच्या खोलीत तिघं बसलो, ते, तो आणि लिहून घ्यायला मी. साहेबांनी वही उघडली. “दहाला निघालात, तीनला पोचलात. अठरा मैलांना पाच तास? कुठे झोपला होतात?”

 मग साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही इकडचेच आहात. सायकलने अठरा मैलांना किती वेळ लागावा?”

माझं कपाट भिंतीपलीकडे होतं. उठून तक्ता आणायला मला पाणी पिण्याइतका वेळ लागला असता. त्यात खिंडीच्या वाटेपुढे लिहिलं होतं, ‘उन्हात नेऊ नये, पाच तास.’ अक्षर माझंच.

“मैलाने पाहिलं तर अडीच तास, साहेब,” मी म्हणालो.

मी खोटं बोललो नाही, हे नीट पाहा. कारकुनाला खोटं बोलावं लागत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. तक्त्याचं नाव त्यानेही काढलं नाही, आणि का काढलं नाही ते मला तिथेच कळलं. तीन लेकरं मेल्याच्या चौकशीत कुणी ‘परसाकडे’ म्हणून हसेल, हे त्याला नको होतं.

हलगर्जीपणाबद्दल त्याला कामावरून काढल्याचा कागद मीच लिहिला. सायकल पुसून, चाकात हवा भरून त्याने ती कचेरीत लावली आणि पायी गेला. अंगणातली खोली सोडताना माझ्याशी बोलला नाही. कुणी म्हणालं धनजकडे भावाच्या मळ्यात वांगी-मिरच्या पाहतो. मी पत्र लिहायला तीनदा बसलो. तिन्ही वेळा ‘स. न. वि. वि.’च्या पुढे गेलो नाही.

पुढच्या थंडीत नवा टोचणारा त्या तांड्यावरून रिकामा परत आला. लोकांनी पोरं रानात नेऊन ठेवली होती. साहेब रजेवर होते, म्हणून तांड्याच्या नाईकाला बोलावणं गेलं ते माझ्या सहीने. नाईक आला. म्हातारा पण ताठ, रुमाल नीट बांधलेला. मी खुर्ची दिली तरी उभाच राहिला.

“लेकरं काहून लपवली?” मी विचारलं.

“बाबूजी, थो सायकलवाला काम सुटल्यावर आमच्याकडे आलता. पायी. तिघांच्याही घरी जाऊन बसला. म्हने, लस मेलेली होती, मले मालूम होतं, तरी टोचली. चूक माही हाय, सरकारची लस चांगली हाय, पुढच्या बारीले पोरायले टोचून घ्या.” नाईक एक पाऊल पुढे आला. “आमच्या बायायचं म्हननं हाय का चुकलेला मानूस असा येत नसते. कोनाची तरी झाकाले आला, लसच खोटी असन. मनून इचारतो. चूक खरंच त्याची होती का?”

शिपाई दारात उभा होता. माझ्यापुढे शाईची दौत होती, पाठीमागे कपाट. मी मनात म्हटलं, की खरं सांगितलं तर हा तांडा सरकारी लस कधीच घेणार नाही, आणखी लेकरं जातील. कारण चांगलं होतं. माझ्याकडे कारणांची कधी कमतरता नव्हती.

“हो,” मी म्हणालो. “त्याचीच होती.”

नाईकाने मान हलवली. “मंग पाठवा उद्या तुमचा मानूस,” तो म्हणाला, “लेकरं घरी राह्यतीन.”