दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा घटस्फोट

"मॅडम, तुमचे पक्षकार पिकअपभर झेंडू घेऊन आलेत. गाडी आत सोडता येणार नाही."

फोन मंदाताईंचा होता, आवाज गेटवरच्या पोलिसाचा. मी फॅमिली कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये बोर्डासमोर उभी होते. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी. आमच्या आधी फक्त दोन मॅटर उरली होती. गाडी रस्त्यावर चहावाल्याच्या भरवशावर ठेवा आणि पळत वर या, असं मी सांगितलं. आणखीही दोन शब्द बोलले, ते इथे लिहीत नाही.

मंदाताई आणि दत्तूभाऊ (नावं अर्थातच बदललेली) नाशिकच्या कडेला मखमलाबादकडचे. फूलशेतीवाले. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. दोघांना संमतीने घटस्फोट हवा होता. वकिलाला असं मॅटर म्हणजे आरामाचं काम वाटतं. दोघांना वेगळं व्हायचंय, भांडण नाही, आरोप नाहीत. या आरामाच्या कामाने माझ्या नाकी नऊ आणले.

आधी कायदा थोडक्यात सांगते. संमतीने घटस्फोट हवा असेल तर नवरा-बायको किमान वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत. मग दोघांनी मिळून पिटिशन दाखल करायचं. त्यानंतर सहसा सहा महिने थांबावं लागतं, विचार बदलतो का बघायला. मग पुन्हा कोर्टात येऊन दोघांनी सांगायचं की आमचा विचार पक्का आहे. याला आम्ही सेकंड मोशन म्हणतो. ती पिटिशन दाखल केल्यापासून अठरा महिन्यांच्या आत व्हायला हवी. नाहीतर पिटिशन बाद होण्याची पाळी येते आणि सगळं पहिल्यापासून.

माणसं सहा महिन्यांनाच कंटाळतात. अठरा महिने कुणाला पुरत नाहीत हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

आमचं पिटिशन गुढीपाडव्यानंतर दाखल झालं. सेकंड मोशनची पहिली डेट आली दिवाळीच्या तोंडावर. मंदाताईंचा फोन, "मॅडम, लय गर्दी हाय, पुढची घ्या." पुढची आली लग्नसराईत. दोघंही हार करत बसलेले, आलेच नाहीत. मी मुद्दाम आषाढातली डेट मागून घेतली, कारण आषाढात फुलांना कुणी विचारत नाही. हे दोघं अगदी वेळेवर हजर, पण त्या दिवशी साहेबच, म्हणजे न्यायाधीशच, रजेवर. पुढची डेट गणपतीत. ती चालेल का, हे मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. मग पितृपक्षातली मिळाली. बाजार थंड, साहेब हजर, मी खूश. आदल्या संध्याकाळी मंदाताईंचा फोन.

"मॅडम, पितृपक्षात घटस्फोट नको. दिवस चांगले नायत."

मी कपाळाला हात लावला. घटस्फोटाला मुहूर्त बघणारी माणसं मला तीस वर्षांच्या वकिलीत पहिल्यांदा भेटली. त्यांना मी स्पष्ट सांगितलं की दसऱ्यानंतर चारच दिवसांनी मुदत संपतेय आणि मध्ये सुट्ट्या आहेत. आता जी डेट मिळेल ती शेवटची. मिळाली ती दसऱ्याच्या आदल्या दिवसाची. झेंडूवाल्याला दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोर्टात बोलावणं म्हणजे काय, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

तरी आले. पण कसे आले? एकाच गाडीतून. मंदाताईंच्या केसांत झेंडूच्या पाकळ्या, दत्तूभाऊंच्या शर्टाला पिवळे डाग. पळत जिना चढले, आणि चढताना दत्तूभाऊंनी ताईंची पिशवी हातात घेतली. सगळ्या कॉरिडॉरने ते पाहिलं. एका ज्युनिअरने मला हळूच विचारलं, की मॅडम, यांचं लग्न लावायचंय की मोडायचंय? मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बोर्ड वाचायला लागला.

आत गेलो. साहेबांनी दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कन्सेंट टर्म्स उघडल्या. कन्सेंट टर्म्स म्हणजे दोघांनी आपसांत ठरवलेल्या अटी. मुलगी आईकडे, रविवारी वडिलांकडे. गुलाब आणि शेवंती ताईंची, झेंडू भाऊंचा. इथवर ठीक होतं. पुढची अट साहेबांनी मोठ्याने वाचली. "वाहन सामाईक राहील व उभयता पहाटे एकत्र फूलबाजारात जातील."

चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, की हे नक्की वेगळे राहतात ना?

मी उभी राहिले. वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं, हे सांगितलं. माणसं एका छपराखाली असली तरी कायद्याच्या दृष्टीने वेगळी असू शकतात. हे दोघं तर तसेही नाहीत. ताई मळ्यातल्या खोलीत, भाऊ गावातल्या घरात, अडीच वर्षं झाली. धंदा एकत्र आहे एवढंच. साहेब म्हणाले, "कायदा मला माहीत आहे, मॅडम. मला यांच्याकडून ऐकायचंय." मग त्यांनी ताईंना विचारलं. नवरा मारतो? नाही. पितो? नाही. दुसरं काही? नाही.

"मग भांडण कशावरून?"

"भांडणच नाय साहेब," मंदाताई म्हणाल्या. "भांडायला बी दोन माणसं लागत्यात. बाजारात यांचा आवाज पार टोकापर्यंत जातो. गिऱ्हाईकाला ताई काय, माई काय, मावशी काय. घरात पाऊल टाकलं की मिठाची गुळणी. भाजी खारट झाली तरी गप. पोरगी तापानं फणफणली, मी रडतीय, तरी गप. बारा वर्षं मी भिताडाशी बोलले. बाजारातला माणूस सोन्यासारखा हाय, भागीदार म्हणून मला जन्मभर चालंल. घरात नको. मला आता येडं व्हायची पाळी आलीय."

साहेबांनी दत्तूभाऊंकडे वळून विचारलं, "तुमची संमती आहे?"

दत्तूभाऊंनी मान हलवली.

"मान रेकॉर्डवर घेता येत नाही. बोला."

दत्तूभाऊ गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. गप्प. स्टेनोची बोटं कीबोर्डवर थांबलेली. मंदाताई खाली फरशीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. संमतीच्या घटस्फोटात निकालाच्या क्षणापर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, आणि गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. साहेबांची खात्री पटायला हवी. ती नाही पटली तर पुढची डेट मुदतीच्या पलीकडे, म्हणजे या बाईचा सगळा खटाटोप पाण्यात. पुढच्या वेळी गावकीतली चार शहाणी माणसं मध्ये पडणार आणि तिची समजूत घालून तिला घरी पाठवणार, हे मला दिसत होतं. मला भाऊंना कोपराने ढोसावंसं वाटत होतं. वकिलाला तेवढंच करता येत नाही.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. खुर्चीत मागे टेकले आणि विचारलं, "दत्तूभाऊ, झेंडू कसाय यंदा?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दत्तूभाऊंनी मात्र मान वर केली, पाठ सरळ केली आणि असा काही आवाज लावला की दारातला शिपाई आत डोकावला.

"एक नंबर हाय साहेब. कलकत्ता झेंडू. पावसानं बाकीच्यांचा काळा पडलाय, आपला मांडवाखाली ठेवला होता. आज नेला तर परवापर्यंत मान टाकणार नाय. टाकला तर परत आणून द्या."

"आणि घटस्फोटाला संमती?"

"हाय साहेब," दत्तूभाऊ त्याच दमात, त्याच आवाजात म्हणाले. "बाई खरं बोलती. मला घरात बोलाय येत नाय. आमचा बाप बी बोलायचा नाय, आम्ही शिकलोच नाय. तोंडापर्यंत येतं आन अडकतं. तिनं अजून किती वर्षं भिताडाशी बोलायचं? सोडवा तिला. मी राजीखुशीनं सांगतोय, कुणाचा दबाव नाय. बाजारात तेवढी येऊ द्या, तिच्यासारखी शेवंती दुसरं कुणी निवडत नाय."

स्टेनो टाइप करू लागली. "शेवंतीचं घेऊ का सर?" तिने विचारलं. साहेब म्हणाले, "राजीखुशीनं इथपर्यंत घ्या." मंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला होता. मीही फाइलमध्ये काहीतरी शोधायला लागले. फाइलमध्ये शोधण्यासारखं काही नव्हतं.

दोघांच्या सह्या झाल्या, साहेबांनी डिक्री मंजूर केली. लग्न संपलं. आम्ही बाहेर आलो. ताई बाकावर टेकल्या आणि पाणी प्यायल्या. दत्तूभाऊ त्यांच्यासमोर उभे राहिले, पिशवी अजून हातातच. दोनदा घसा खाकरला.

"जेवलीस का?"

मंदाताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, यांनी असं विचारलं तर निकाल रद्द होतो का?"

"नाही," मी म्हटलं. "कायद्यात तशी तरतूद नाही."

"मग विचारू दे," त्या म्हणाल्या. "नाय जेवले."

दोघं जिना उतरून गेले.

त्यानंतर संमतीच्या घटस्फोटासाठी कुणी आलं की मी तीन गोष्टी बजावते. सणासुदीचं कॅलेंडर घेऊन या, मुदत विसरू नका, आणि संमती साहेबांसमोर तोंडाने द्यावी लागते, तेव्हा तोंड उघडण्याची घरी सवय करून या. शेवटचा सल्ला मात्र द्यावा की नाही, याचा मला अजून निर्णय करता आलेला नाही. घरी तोंड उघडायची सवय झालेली माणसं माझ्याकडे परत येत नाहीत.