तांब्याची कडी

यंत्रशाळेत त्यांना सगळे वायसरकाका म्हणत आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. अणूहून बारीक कणांचा झोत ज्या लांबलचक नळीतून धावतो, तिच्यातली हवा पार उपसून काढावी लागते. बाहेरची हवा मात्र टपलेलीच असते, कुठे फट सापडते आणि कधी आत घुसते म्हणून. नळीच्या कोणत्या जोडात कोणती कडी बसवायची, हे पस्तीस वर्षं काकाच ठरवत आले होते. घरी मात्र स्वयंपाकघरातला नळ महिनाभर टपटपत होता आणि सांगून सांगून बायकोचं तोंड दुखायला लागलं होतं.

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना शेवटचा जोड आला. झोत जिथे आदळतो, त्याच्या अगदी शेजारचा. विभागाच्या प्रमुख बाईंचं म्हणणं सरळ होतं: रबरी रिंग घाला, अर्ध्या तासाचं काम. रबर तसं गुणी, थोडं खालीवर झालं तरी सांभाळून घेतं. पण झोत आदळून तिथे जे घातक किरण निघतात, त्यांनी ते दोन वर्षांत बिस्किटासारखं कडक होतं आणि तडकतं. मग बदलायला कुणीतरी आत जायचं, आणि यंत्र बंद केलं तरी तिथल्या लोखंडातून किरण येतच राहतात.

काकांनी तांब्याची कडी मागितली. तांब्याला किरणांचं सोयरसुतक नसतं. फक्त ते भारी हट्टी. एकदा दाबलं की पुन्हा वापरता येत नाही, आणि बसायची खाच अगदी आरशासारखी हवी. ती घासायला त्यांनी चार दिवस मागून घेतले. बाईंनी कारण विचारलं तेव्हा रबर टिकणार नाही, एवढंच म्हणाले. ते खरंच होतं. पण दोन वर्षांनी आत कोण जाणार, हे त्यांनी ओठांवर येऊ दिलं नाही. या कामाची माणसं विभागात दोनच होती. एक ते, आणि दुसरी त्यांची मुलगी.

चार दिवस ते खाचेवर पॉलिश पेपर फिरवत बसले. फिरवायचा तो गोलच. गोल ओरखडा चालतो, हवा त्यातच घुटमळत राहते. पण आडवा एक जरी राहिला तरी ती थेट आत. उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन हळूहळू सरकत जाई. अलीकडे त्यांना प्रत्येक दिव्याभोवती एक फिकट कडं दिसे, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायलाही लागलं होतं. डोळ्यांचं काय ते निवृत्तीनंतर बघू. हात गोल गोल फिरत राही, आणि आपण नळीच्या आत गेलोय असं त्यांना वाटू लागे. तिथे वारा नाही, आवाज नाही, धुळीचा कण नाही. त्या पोकळीत ते तरंगत जात, आणि पार दुसऱ्या टोकाला एक खोली दिसे. सहा महिन्यांची मुलगी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीय आणि ते तिला घेऊन फेऱ्या मारताहेत, कारण थांबलं की ती रडते. हात थांबला की ते दचकून भानावर येत आणि पुन्हा पेपर उचलत.

पाचव्या दिवशी कडी बसली, बोल्ट आवळले, हवा उपसली. चाचणी मुलीनेच घेतली. जोडाभोवती हेलियम वायूची बारीक फुंकर फिरवायची. फट असेल तर तो आत शिरतो आणि मापकाचा काटा चढतो. निम्मा फेरा होतो न होतो तोच काटा चढला.

मुलीने वडिलांकडे पाहिलं नाही. "गळतंय," ती म्हणाली.

काट्याशी खोटं बोलायचं नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

बाई म्हणाल्या, आता मुकाट्याने रबर घाला. मुलीने मात्र एक दिवस मागून घेतला. तिने जोड उघडला आणि खाचेतून कापसाचा बोळा फिरवला. एका जागी तंतू अडकला. केसाएवढा आडवा ओरखडा होता. काका वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. त्यांना तिथे नुसती चकाकी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती घासत होती आणि ते शेजारी बसून तिला पेपर देत होते. नवी कडी बसली. हेलियमचे तीन फेरे झाले, काटा जागचा हलला नाही. बाई सही करून निघून गेल्या.

बोल्ट आवळायचे पाने पुसता पुसता मुलगी म्हणाली, "आता वीस वर्षं हा जोड उघडायला नको. मला आत जायला नको. तांबं त्यासाठीच हवं होतं ना तुम्हाला?"

काका उरलेले बोल्ट डब्यात टाकत राहिले.

"आणि बाबा, घरचा नळ महिनाभर गळतोय. तुम्ही गळका नळ बघत बसणारे नाही. दिसत नाही ना?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "दिव्यांभोवती कडी दिसतात," ते म्हणाले.

उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, असं तिने ठरवूनच टाकलं. लोखंडी जिन्याशी आल्यावर तिने त्यांचा हात धरला आणि त्यांनी तो धरू दिला.