अर्धं झालं

वर्गात कुणी उत्तर दिलं की अक्का हातातला खडू मोडायच्या. एक तुकडा उत्तर देणारीच्या तळहातावर ठेवायच्या, दुसरा स्वतःकडे. "हे अर्धं झालं. उरलेलं?"

भूगोलाचा तास इंग्रजीत चाले, पण हे एवढं त्या मराठीतच म्हणत. त्यामुळे कँटोनमेंटमधल्या आमच्या त्या शाळेत तमिळ, कन्नड, अँग्लो-इंडियन, सगळ्याच मुली डबा खाताना एकमेकींना "अर्धं झालं!" म्हणून चिडवायच्या.

मी तिथं नवीन होते, शिवण शिकवायचे. स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. म्हणजे बोलायच्या त्या. त्यांचं घराणं शहरातल्या जुन्या चिकपेटेत पिढ्यान्‌पिढ्यांचं. "स्वल्प सरक गं," म्हणत त्या माझ्या बाकावर बसायच्या आणि पेपर उघडायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पेपर वाचताना पाय हलवणारी. अक्कांचा पाय कधी थांबलेला मला आठवत नाही.

फौजांनी तिबेटमधला उठाव चिरडल्याच्या बातम्या येत होत्या, तेव्हाची गोष्ट. "एवढा थोरला देश," त्या म्हणाल्या, "याला काय कमी होतं?" मी शिवणातून मान वर केली नाही. त्या उठल्या, चिकपेटेतून आणलेली रांगोळीची पुडी घेतली आणि मैदानावर दोन देश काढले. एक मोठा, एक चिमुकला. प्रत्येकात एक मुलगी. घंटा होईपर्यंत नुसतं उभं राहायचं, बाकी काही नाही.

पुढं भूगोलाच्या कित्येक तासांना हा खेळ चालला. एकदा चिमुकल्या देशातलीच मुलगी चिमटा काढून आली, तेव्हा अक्का पोट धरून हसल्या. पण बहुतेक वेळा रेघ ओलांडायची ती मोठ्या देशातली. वर्गात एक उंच, अगदी गरीब स्वभावाची मुलगी होती. मोठ्या देशात उभी असताना तिनंसुद्धा एकदा शेजारणीला ढकललं.

"का गं?"

"मिस, तिच्याकडे सावली आहे."

खडू मोडला. "अर्धं झालं. उरलेलं?"

"तिच्या मागं, रेघेबाहेर, बाकीच्या सगळ्या उभ्या होत्या. मला वाटलं, त्या तिच्या बाजूनं येतील."

पुन्हा खडू मोडला. मुलगी रडकुंडीला आली. "आणि मिस, ती माझ्याकडे बघतच नव्हती!"

अक्का त्या दिवशी घरी जाईपर्यंत हेच घोळवत होत्या. "बघत नव्हती म्हणून ढकललं! ऐकलंस ना?"

मग तीन-चार वर्षांनी, एका शरद ऋतूत लढाई आपल्याच सीमेवर आली. अक्कांचा धाकटा भाऊ सैन्यात होता, ईशान्येकडच्या डोंगरात. आठवडे गेले तरी त्याची खबर नव्हती. स्टाफरूममध्ये हिरव्या लोकरीचे गुंडे आले; आम्ही जवानांसाठी पायमोजे विणू लागलो. अक्कांचा पायमोजा टाचेपाशी रोज बिघडे. मी तो त्यांच्या नकळत उसवून पुन्हा विणून ठेवी. "आज बरा जमलाय की," त्या म्हणत.

वर्गात त्यांनी विचारणं सोडलं नाही. ते का आले? त्यांना काय हवं होतं? एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले: शत्रूची बाजू शिकवता काय? मुख्याध्यापिकाबाई वाईट नव्हत्या. त्यांनी अक्कांना बोलावून सांगितलं, "मुलींना सध्या प्रश्न नकोत, धीर हवा. ते दुष्ट आहेत एवढं सांगा आणि पुढं चला. नाहीतर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

शिवणाचा वर्ग आणि भूगोलाचा वर्ग यांच्यामध्ये लाकडी पडदा होता. दुसऱ्या दिवशी त्या उंच मुलीचा आवाज मला ऐकू आला. "मिस, ते आपल्यावर का आले?"

 अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "माझा भाऊ तिथं आहे. ते दुष्ट आहेत असं म्हणून मला मोकळं व्हायचंय गं. पण तेवढंच म्हटलं, तर ते पुन्हा कधी येणार, हे आपल्याला ओळखायचं कसं?"

खडू मोडल्याचा आवाज आला नाही.

त्यांना काढून टाकायची वेळच आली नाही. त्याच आठवड्यात भाऊ पडल्याची तार आली. भावाची बायको बेळगावला, पदरात लहान मूल. तिच्यापाशी राहायला जायचं म्हणून अक्कांनी आपणहून राजीनामा दिला.

स्टेशनवर मी एकटीच गेले होते. घरापासून टांग्यात बसून मी मनात एकच वाक्य जुळवत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही उत्तर दिलं नव्हतं. त्या खिडकीपाशी बसल्या. मी गज धरले आणि म्हणाले, "अक्का, मला वाटतं, मोठ्याला धाकट्यानं म्हटलेलं 'नाही' सोसत नाही. म्हणून ते आले."

ते अर्धंच होतं, मला माहीत होतं. सावलीचं त्यात काही नव्हतं, भीतीचं नव्हतं. उरलेलं काय, हे त्या विचारतील म्हणून मी तशीच उभी राहिले.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा पाय हलत नव्हता.

"सरी," त्या म्हणाल्या; कानडीतलं 'ठीक आहे'. आणि वळकटी नीट लावू लागल्या.

गाडी हलली. मी गज सोडले नव्हते. चार पावलं तिच्याबरोबर चालत गेले.