टिटवीच्या घरट्याजवळची काठी

बीडहून निघालेली एसटी मांजरसुंब्याला थांबली. ढाब्यावर चहा घेतला आणि पिशवीतून सुमनची वही काढली. माझी बायको दर वैशाखात लिंबागणेशला माहेरी जाई, भावाच्या रानात (शेतात) टिटवीची घरटी शोधी आणि नोंद ठेवी: अंडी किती, पिल्लं किती, आणि शेवटी दोन शब्द, 'जागा राखली'. ती हिवाळ्यात वारली. इतक्या वर्षांत मी तिच्यासोबत एकदाही गेलो नव्हतो.

पुढच्या रस्त्याला हिरवं काहीच नव्हतं. तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. फाट्यावर मेहुणा सोपान उभा होता.

"दाजी, आजच सोसायटीचा ट्रॅक्टर हाय. औंदा (यंदा) पाळी चुकली तर नांगरट ऱ्हायली म्हनून समजा."

रानात पाय ठेवताच टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली. तासाभराने घरटं दिसलं. साध्या खळग्यात चार अंडी, ढेकळांच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची. ट्रॅक्टर तिथवर यायला फार वेळ नव्हता. मी घाईने शेजारी काठी रोवली आणि तिला माझा पांढरा रुमाल बांधला.

ड्रायव्हर हसला. "टिटवीलाबी सोसायटीचं सभासद करता का, दाजी?" पण त्याने फाळ उचलला आणि वळसा घेतला. उलटलेल्या काळ्या मातीत बाजेएवढा तुकडा तेवढा शिल्लक राहिला. मला समाधान वाटलं.

लिंबाखाली भाकरी आणि ठेचा खाऊन परतलो, तर काठीवर कावळा बसलेला. खाली फुटकी टरफलं. टिटवी आता ओरडतही नव्हती.

शेळ्या घेऊन चाललेली म्हातारी कौसाबाई थांबली. "काठी कावून (का) रवली? कावळ्याला पाट मांडला की तुमी!"

"नांगरातून वाचावं म्हणून."

"सुमन काठी रवत न्हवती. लांबूनच हात करून डायवरला तेवढा पट्टा सोडाया लावायची. मंग समद्या पट्ट्यात शेण, ढेकळं इस्कटायची. कुठं काय हाय, कावळ्याला कळायचं न्हाई."

वहीत हे कुठेच नव्हतं. सोपानने काठी उपटली. "मलाबी कधी बोलली न्हाई. मी तरी कुठं इचारलं?"

"टिटवी फिरून अंडी घालती," कौसाबाई म्हणाली, "पर जागा तर पायजे."

बांधाकडचं रान अजून नांगरायचं होतं. सोपानने तिकडे बोट केलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "तेवढा पट्टा ऱ्हाऊ दे."

"पुन्ना पाळी न्हाई बरं."

"न्हाई तर न्हाई."

परतीच्या एसटीत वही मांडीवर घेतली. सुमनच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिलं: 'अंडी चार. पिल्लं नाहीत. काठी मी रोवली.' पुढचे दोन शब्द लिहायला हात धजेना. खरं ते लिहिलं: 'जागा सोपानने राखली.' त्याखालची ओळ पुढच्या अंड्यांसाठी कोरी ठेवली.