डोळे मिटलेले फोटो

आमचा माणिक लग्नातले फोटो काढतो. त्याचा हात चांगला आहे, हे मी त्याची बहीण असूनही कबूल करते, कारण एरवी त्याचं कौतुक करावं असं फार काही नाही. जेवायला बोलावलं तर वेळेवर येणार नाही, आला तर तोंड उघडणार नाही. भंडाऱ्याकडची शेती सोडून आमचे वडील भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागले होते. मुलानंही तिथंच चिकटावं म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं. हा पठ्ठ्या भिलाईतल्याच कॅम्प-1 वस्तीच्या बाजारात फोटोचं दुकान टाकून बसला.

लग्नात त्याची खरी परीक्षा अंतरपाट निघतो तेव्हा. त्याच क्षणी अक्षतांचा मारा होतो आणि कॅमेऱ्याचा ऑटोफोकस नवरीचा चेहरा सोडून हवेतले तांदूळ पकडून बसतो. म्हणून माणिक फोकस डोळ्यांवर लावतो, बर्स्ट सुरू करतो आणि बटण दाबूनच धरतो. एका दमात फोटोंची रांग निघते. मग कोपऱ्यात बसून पहिलं काम एकच, डोळे मिटलेले सगळे फोटो उडवायचे. एखादा चुकून अल्बममध्ये गेला तर नवरीची आई दुकानात येऊन भांडते. हे उडवणं त्याच्या अंगठ्याच्या इतकं अंगवळणी पडलंय, की डोक्याला विचारायची गरजच उरली नाही.

त्याची मुलगी भूमिका सायकलच्या शर्यतींत उतरते. रुआबांध्याकडच्या रस्त्यावर सकाळी तिचा सराव चाले आणि हा समोर कॅमेरा धरून उभा. हल्ली मात्र तो कुरकुरत असे. सायकल जवळ आली, की भूमिकेच्या डोळ्यावरचा फोकसचा हिरवा चौकोन मधूनच सुटायचा. सेकंडहँड कॅमेरा शेवटी दगा देतोच, असं म्हणत तो फोटो उडवत राही. शाळेतूनही तिची तक्रार होती. वर्गात लक्ष नसतं, हाक मारली तरी ओ देत नाही. मी म्हटलं, बापावर गेली. आम्ही सगळे हसलो होतो.

राज्याच्या संघाच्या निवडीची शर्यत गेल्या रविवारी झाली. प्लांटच्या टाउनशिपचे रस्ते बंद करून फेऱ्या ठेवल्या होत्या. भूमिका पुढच्या घोळक्यात होती, चाकाला चाक लागेल इतक्या जवळ. ती समोरून आली, माणिकनं बटण दाबून धरलं, ती वळणाआड गेली. पुढची फेरी येईपर्यंत हा सवयीनं फोटो उडवायला लागला. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारीच होते.

"कितीक डोये मिटले रे हिचे!" मी म्हटलं.

"उडवून राहिलो ना," तो म्हणाला, आणि त्याचा अंगठा थांबला.

पापणी लवली तर एका-दोन फोटोंत डोळे मिटलेले दिसतात. इथं ती लांबून जवळ येईपर्यंत प्रत्येक फोटोत तशीच होती. पापण्या अर्ध्या, बुबुळं वर गेलेली, तोंड किंचित उघडं. शेजारच्या पोरी दात-ओठ खाऊन सायकल हाणत होत्या. भूमिकेचे पाय फिरत होते, पण चेहऱ्यावर कोणीच नव्हतं.

"ताई," माणिक म्हणाला, आणि त्याचा आवाज मी ओळखलाच नाही. "असे फोटो म्या किती दिवसांपासून उडवून राहिलो. मले वाटे, कॅमेराच खराब हाय."

"मंग आता?"

"मधातच शुद्ध हरपते तिची, अन् उतार हाय समोर. थांबवा लागते तिले."

त्यानं कॅमेरा माझ्या हातात कोंबला आणि दोरी ओलांडून रस्त्यावर धावला. एका कार्यकर्त्यानं त्याचा दंड धरला. "अंकल, बच्ची आउट हो जाएगी!" माणिकनं त्याला ढकललं. मला तर त्याच घडीला ती पडलेली दिसत होती, मागच्या सायकली तिच्यावरून जाताना दिसत होत्या. मी काय बडबडत होते ते देवाला माहीत.

घोळका आला. माणिक दोन्ही हात वर करून ओरडत होता, "भूमिका! ब्रेक मार! भूमिका!" बाकीच्या पोरी शिव्या देत बाजूनं निघाल्या. लोकही ओरडायला लागले. पलीकडच्या क्वार्टरांतून बायका गॅलरीत आल्या. भूमिकेनं बापाकडे पाहिलं, म्हणजे तोंड तिकडे होतं, आणि सायकल सरळ तशीच आली. त्यानं अंगावर घेत हँडल धरलं. दोघंही रस्त्याकडेच्या गवतात आपटली.

मी धावत गेले. माणिकचं कोपर फुटलं होतं. भूमिकेला खरचटलंही नव्हतं. ती डोळे उघडे ठेवून पडून होती आणि मी गालावर थोपटत होते, बाई गं, बोल, काहीतरी बोल. मग एकदम नजर जागेवर आली. तिनं आडवी सायकल पाहिली, पुढे निघून गेलेल्या पोरी पाहिल्या आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"बाबा, कावून पाडलं मले? सिलेक्शन गया मेरा!" ती रडत ओरडली. "थांबवाचं होतं त एक आवाज त द्याचा!"

माणिकनं तोंड उघडलं. पण ओरडून ओरडून त्याचा घसा असा बसला होता, की शब्दच फुटेना.